कोरड्या वाळूत तंबूची खुंटी धरत नाही, काय करावं?

सातरस्ता: डिसेंबरात आम्ही चौघं जैसलमेरकडे, सम गावाजवळ ओळखीच्या उंटवाल्याच्या जागेत तंबू ठोकून राहणार आहोत. रविवारी सोलापूरजवळच्या तिऱ्हे गावापाशी सीना नदीच्या कोरड्या वाळूत सराव केला. तंबूबरोबरच्या वीतभर खुंट्या दोन बोटांनी ओढल्या तरी निघतात. लांब खुंट्या घेऊ का?

मांडववाला: दादा, लांब खुंटीच्या नादी लागू नका. कोरड्या वाळूत कण कणाला धरत नाही, तिथं खुंटीला कोण धरणार? मी 20 वर्षं सोलापुरात मांडव घालतोय. आपल्या मुरमात पहारीनं भोक पाडून घणानं खुंटी ठोकली की बैल बांधला तरी हलत नाही. पण एकदा मोहोळकडच्या लग्नात नव्या भरावात तशीच खुंटी मारली. दुपारी वळवाचं वारं सुटलं आणि मांडवाची एक बाजू थेट पंगतीवर आली. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून सुट्या जमिनीत मी पोतं पुरतो.

साखरेची रिकामी पोती घडी करून न्या. दोन फूट खड्डा घ्या; वाळू ढासळते, म्हणून तोंड रुंद ठेवा. पोतं अर्धं वाळूनं भरून तोंड बांधा. दोरी पोत्याच्या मधोमध आवळा, तोंडाला नको. पोतं खड्ड्यात आडवं ठेवा आणि दोरीसाठी तंबूच्या दिशेनं तिरपी चर पाडा. ही चर विसरलात तर दोरी वाळूत वाकडी बसते, वाऱ्याच्या ओढीनं वाळू कापत सरळ होते आणि मध्यरात्री सगळं सैल. मग थोडी थोडी वाळू लोटून पायानं तुडवा. आता पोतं उपटायचं तर वरची सगळी वाळू उचलावी लागेल.

माळरान: तिकडं सगळीच वाळू नाही हो, दगडगोट्यांची कडक जमीनही आहे. तिथं जाड सळईची खुंटी चालते, डोकं तंबूपासून बाहेर कललेलं हवं. आतच जाईना तर दोरी दगडाला बांधून त्यावर दुसरा मोठा धोंडा ठेवा.

सातरस्ता: चार कोपऱ्यांना चार पोती पुरतील?

मांडववाला: वाऱ्याच्या बाजूला दोन जास्त पुरा आणि तंबूची बुटकी बाजू तिकडं करा. दोऱ्या लांब सोडा; उभ्या ओढीनं पोतं वर येतं. नायलॉनची दोरी दवानं सैलावते, म्हणून झोपण्याआधी पुन्हा ताणा. येत्या रविवारी तिऱ्ह्याला एक पोतं पुरून दोघांनी ओढून बघा, काय झालं ते इथं कळवा.