जेम्स ब्लडवर्थला काळे पाणी लाभले का?

ओळंबा : इंग्लंडच्या सरे परगण्यातील जेम्स ब्लडवर्थ या गवंड्याला 1785 मध्ये एक झुंजीचा कोंबडा आणि दोन कोंबड्या चोरल्याबद्दल सात वर्षांची हद्दपारी झाली आणि जानेवारी 1788 मध्ये कैद्यांना तिकडे नेणाऱ्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातील ‘शार्लट’ जहाजातून तो ऑस्ट्रेलियात पोहोचला. बांधकाम जाणणारी माणसे तेथे जवळपास नव्हतीच. त्यामुळे सिडनीतील गव्हर्नरचे दोन मजली विटांचे घर त्याच्याच देखरेखीखाली उभे राहिले. आसपास चुनखडी मिळत नसल्याने शिंपले वेचून, भाजून चुना करावा लागे. (कोकणातल्या वाचकांना हा उद्योग नवा नाही.) 1790 मध्ये त्याला माफी मिळाली आणि 1791 मध्ये तो गवंड्यांवरचा मुकादम झाला. मायदेशी त्याला ही पत कधीच लाभली नसती, म्हणून ही शिक्षा त्याच्या पथ्यावरच पडली, असे माझे मत आहे.

परसदार : तुमच्या जमाखर्चात खर्चाची बाजू कोरीच राहिली आहे. ब्लडवर्थची बायको-मुले इंग्लंडमध्येच राहिली होती. शिक्षा संपली तरी कैद्याला परत नेण्याची जबाबदारी सरकार घेत नसे, म्हणजे कागदावर सात वर्षांची असलेली शिक्षा त्या बाईच्या दृष्टीने जन्माची ठरली. कोंबड्या चोरल्या नवऱ्याने आणि दंड भरला तिने! शिवाय 1804 मध्ये न्यूमोनियाने तो गेला तेव्हा अंत्यसंस्कार सन्मानाने झाले, पण मागे दिवाळखोरी होती.

ओळंबा : दिवाळखोरीचा मुद्दा मान्य. परंतु तो निव्वळ अडकून पडला होता, हे पटत नाही. इतरांना गवंडीकाम शिकवण्यासाठी त्याने घेतलेल्या कष्टांमुळेच त्याला माफी मिळाली, आणि त्या वेळी आणखी दोन वर्षे काम करण्याचे त्याने स्वतःहून कबूल केले. ‘लेडी पेनऱ्हिन’ जहाजातून आलेल्या सारा बेलामी या कैदी स्त्रीबरोबर त्याने तेथे संसार थाटला आणि त्यांना आठ अपत्ये झाली. हे मन रमलेल्या माणसाचे वागणे आहे.

परसदार : परतीची वाट बंद झाली की माणूस जिथे असतो तिथेच चूल मांडतो, त्याला मन रमणे म्हणायचे की निरुपाय, एवढाच आपल्यातला वाद आहे.

उत्तरा : दोघेही मुकादमापाशीच थांबलात. त्या विटा आणणारा एकेक गाडा बारा कैदी ओढत असत. एका खेपेला साडेतीनशे विटा आणि दिवसाला अशा पाच खेपा. ब्लडवर्थच्या हाती कसब नसते तर तोही त्याच दांडीला जुंपला गेला असता. तेव्हा लाभ झाला तो कसबाचा, शिक्षेचा नव्हे. आणि ज्या जमिनीवर तो पाया खणला गेला ती गॅडिगल या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. त्यांना तर कोणतीही चोरी न करता हद्दपारी मिळाली.

ओळंबा : ‘शिक्षा पथ्यावर पडली’ हे शब्द मी मागे घेतो. त्याचे कसब तिथे नजरेत भरले, एवढे मात्र मी अजूनही म्हणेन.