मदत हवी आहे: ह्यांना बोट लागते, काचबिंदूही आहे, तरी पुन्हा लांबच्या क्रूझवर जायचंय

मधुमालती:

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याचे, मी ६६ आणि हे ७२. मुलगा सिडनीला असतो. त्याने येत्या डिसेंबरात सिडनीहून न्यूझीलंडला जाऊन परत सिडनीला येणारी १३ रात्रींची क्रूझ आमच्यासाठी धरून ठेवली आहे. उरलेले पैसे भरायला तीन आठवडे आहेत. हे जायचंच म्हणतात, आणि माझा पाय निघत नाही. गेल्या वर्षी ह्यांना बोट लागली ती अशी की पहिले चार दिवस मी जीव मुठीत धरून काढले. ते सगळं नीट सांगते, म्हणजे आमचं कुठे चुकलं ते तुम्हाला दिसेल.

मुलगी कॅलिफोर्नियात आहे. नाताळच्या सुट्टीत तिने आम्हा दोघांना हवाईच्या क्रूझवर पाठवलं. २० डिसेंबर २०२४ ला लॉस एंजेलिसजवळच्या सान पेद्रो बंदरातून निघालो. १५ रात्रींचा प्रवास. पाच दिवस नुसतं पाणी, मग हवाईची चार बंदरं, मग पुन्हा चार दिवस पाणी, आणि शेवटी मेक्सिकोतलं एन्सेनादा. हे एन्सेनादा मध्येच कुठून आलं म्हणाल, तर अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला अशा फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं.

ह्यांचं बालपण जयगडकडचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने जायचे. बोट बंदराबाहेर लांब उभी राहायची, पडाव म्हणजे छोट्या होड्या यायच्या, आणि खलाशी पोरांना उचलून पडावात द्यायचे. सासूबाई सगळा वेळ लिंबू हुंगत पडून असायच्या, पण ह्यांना कधीच बोट लागली नाही. त्या भरवशावर आम्ही एकही गोळी बरोबर घेतली नाही.

केबिन ‘गॅरंटी’ प्रकारात घेतली होती. म्हणजे भाडं कमी, पण नंबर कंपनी देणार. मिळाली ती नवव्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला. दुसऱ्या रात्री बोट पुढून उचलायची आणि आपटायची. कपाटातले हँगर रात्रभर एकमेकांवर वाजत होते. शेवटी मी उठून ते सगळे काढले आणि टॉवेलात गुंडाळून ठेवले. पडदा भिंतीपासून हातभर सुटून यायचा, तसाच थांबायचा, आणि परत भिंतीला टेकायचा. हे त्या पडद्याकडे बघत पडले होते आणि तेव्हाच उलट्या सुरू झाल्या. सकाळी जिन्याच्या कठड्यात जागोजागी कागदी पिशव्या खोचलेल्या होत्या, पोहण्याचा तलाव रिकामा करून वर जाळी टाकली होती.

तिसऱ्या दिवशी बोटीवरच्या दवाखान्यात नेलं. बोट लागू नये म्हणून कानामागे लावतात त्या औषधाच्या पट्टीचं विचारलं तर डॉक्टरांनी काचबिंदूचं नाव ऐकून नको म्हटलं. एक इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. बिल केबिनच्या खात्यावर चढलं. काचबिंदू आणि रक्तदाब दोन्ही अर्जात लिहिले होते, म्हणून विम्याने ते पुढे दिलं.

आमच्या केबिनचा मुलगा मडगावचा होता. ‘भियेनाकात’ म्हणायचा आणि न सांगता हिरवी सफरचंदं आणि कोरडा टोस्ट आणून ठेवायचा. आई-बापापासून लांब, ऐन नाताळात कामावर. त्याने आमचं जे केलं ते मी विसरणार नाही.

नाताळच्या सकाळी, पाचव्या दिवशी, हे स्वतः उठले. वारा उबदार झाला होता. डेकवर कठडा धरून अर्धा तास उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हिलोला उतरलो. २३ तारखेलाच किलावेया ज्वालामुखी पुन्हा जागा झाला होता. कड्यावरून खाली लाव्हा उसळताना दिसत होता आणि हे लहान मुलासारखे माझा हात ओढत होते. माउईजवळ देवमाशांचे फवारे दिसले. ते थंडीत अलास्काकडून तिथे पिलं घालायला येतात. परतीच्या चार दिवसांत ह्यांना काही झालं नाही.

तर प्रश्न असे. १) काचबिंदू असताना बोट लागण्यावर काय घेता येतं? २) केबिन कुठली घ्यावी? ३) ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला टास्मान समुद्र डिसेंबरात कसा असतो? ज्यांनी घरच्या वयस्कर माणसाला नेलं आहे त्यांनी कृपया लिहा.

सह्याद्री_७:

ताई, मी सरळच सांगतो, नका जाऊ. चार दिवस उलट्या हे ७२ व्या वर्षी साधं नाही. अशा क्रूझवरून दाखवतात तो मिलफर्ड साउंड, म्हणजे न्यूझीलंडची डोंगरांत शिरलेली खाडी, बघायचा असेल तर विमानाने क्वीन्सटाउनला जा, तिथून बसने. आतल्या शांत पाण्यात दोन तासांची बोट मिळते. आम्ही आईवडिलांना तसंच नेलं. आईला बस लागली, बोट नाही लागली.

मधुमालती:

तुमचं म्हणणं पटतं. मीही ह्यांना हेच सुचवलं होतं. पण ह्यांना मिलफर्डपेक्षा समुद्रच हवा आहे. ‘त्या चार दिवसांत मी समुद्र पाहिलाच नाही, तो मला पाहायचाय’ असं म्हणाले. मग माझ्याने नाही म्हणवलं नाही.

चीफऑफिसर_निवृत्त:

ताई, ३१ वर्षं मालवाहू बोटींवर काढली, त्यामुळे २ आणि ३ चं मी सांगतो.

बोट म्हणजे तागडीची दांडी समजा. टोकं वरखाली होतात, मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो. तुम्हाला दांडीचं टोक मिळालं होतं, तेही उंचावरचं. प्रवासी बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. ते आडवं डोलणं पुष्कळ कमी करतात, पण पुढून उचलून आपटणं त्यांच्याने थांबत नाही. म्हणून लांबीच्या मधोमध आणि जमेल तितकी खालची केबिन घ्या. खिडकी असावी. बाल्कनीसाठी उंच चढू नका. आणि ‘गॅरंटी’ अजिबात नको, नंबर हातात घेऊनच पैसे भरा.

टास्मान समुद्राचं खोटं आश्वासन देणार नाही. मिलफर्ड ४४ अंश दक्षिणेच्याही खाली आहे, म्हणजे पश्चिमेचे वारे जिथे अडवणूक न होता येतात तो पट्टा. डिसेंबरात तिथे उन्हाळा, त्यामुळे हिवाळ्यापेक्षा बरं, पण थोड्या थोड्या दिवसांनी वाऱ्याची एक झड येतेच. जाताना आणि येताना दोन-दोन दिवस धरून चाला. हवा फार बिघडली तर कप्तान मिलफर्डच्या आत शिरणं रद्दही करतो, त्याची मनाची तयारी ठेवा. आत शिरलात की पाणी तळ्यासारखं.

साहेबांना सांगा, पडद्याकडे नाही, क्षितिजाकडे बघायचं. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो सगळं स्थिर आहे, त्या भांडणात पोट ढवळतं. डेकवर मधोमध उभं राहून लांबची रेघ पाहिली की दोघांचं एकमत होतं. आणि लहानपणी लागली नाही म्हणजे आता लागणार नाही असं नसतं. सुट्टीहून परतल्यावर पहिले दोन दिवस मलाही लागायची. त्यात कमीपणा नाही, हे त्यांना माझ्याकडून मुद्दाम सांगा.

प्राजक्त:

काकू, मी डोळ्यांची डॉक्टर. इथे बसून औषध सांगणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते.

आधी विचारा, काकांचा काचबिंदू उघड्या कोनाचा की अरुंद कोनाचा. पट्टीत स्कोपोलामिन असतं, त्याने बाहुली मोठी होते. कोन अरुंद असेल तर डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडून दाब एकदम चढू शकतो, म्हणून तिथे पट्टी वर्ज्य. उघड्या कोनात डॉक्टर कधी कधी जपून परवानगी देतात. अवोमिन किंवा मेक्लिझिनच्या गोळ्यांनाही हाच प्रश्न लागू आहे, त्यामुळे दुकानातून परस्पर आणू नका. काकांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर तोही सांगा, ह्या औषधांनी लघवी अडू शकते. शिवाय ह्या वयात झापड येते, तोल जातो, आणि बोट आधीच हलत असते. जे ठरेल ते घरी एकदा घेऊन बघा. बोटीवर उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायचं असतं, नंतर ते पोटात टिकत नाही.

रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का? उलट्या चालू असताना ती घ्यायची की थांबवायची, हे फिजिशियनकडून कागदावर लिहून घ्या. आलेपाक खुशाल न्या, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आल्याचंही विचारून घ्या. पोट रिकामं ठेवू नका. आणि डोळ्यांचे थेंब हँडबॅगेत, दोन बाटल्या.

मधुमालती:

थेंब! ते मोठ्या बॅगेत गेले होते आणि बॅग केबिनपाशी रात्री आली. त्या संध्याकाळचे थेंब चुकले होते, हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

मधुमालती (दहा दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचबिंदू उघड्या कोनाचा आहे. पट्टी नकोच म्हणाले. एक गोळी अर्ध्या मात्रेत लिहून दिली, ती ह्यांनी रविवारी घेऊन पाहिली. दुपारी दोन तास झोपले, बाकी काही नाही. रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध निघालं. उलट्या झाल्या तर काय करायचं ते फिजिशियननी मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिलंय, दोन प्रती.

चीफऑफिसर साहेब, तुमचा निरोप ह्यांना वाचून दाखवला. ‘परत वाच’ म्हणाले.

मुलाने काल केबिन बदलून घेतली. पाचवा मजला, मधोमध, खिडकीची. पैसे थोडे जास्त पडले. ह्यांनी केबिनचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर डिसेंबरच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलाय.