रात्री अडलेला तबल्याचा कायदा सकाळी कसा वाजतो?

दायाँबायाँ: 46व्या वर्षी तबला शिकायला लागले. सध्या दिल्ली घराण्याचा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) चालू आहे, 'धा तिट धा तिट धा धा तिट धागे तिना किना'. ठायीत (संथ लयीत) जमतो, दुगुणीत (दुप्पट वेगात) 'तिट'ची तर्जनी मागे पडते. परवा साडेदहापर्यंत घासला, नाहीच. शेवटी गवसणी घातली. सकाळी दूध तापेपर्यंत सहज बसले, तर दुगुण सरळ निघाली! हे तिसऱ्यांदा झालं. झोपेत मेंदू रियाज करतो का, की रात्री हात थकलेला असतो म्हणून अडतं? तसं असेल तर पहाटे 4चा गजर लावून अजून एक बैठक करू का?

रात्रपाळी: ताई, गजर लावू नका, आधी हेच सांगतो. 11 वर्षं झोपेच्या तपासण्या करतोय. माणूस झोपला की थोड्या वेळात पडद्यावर मेंदूच्या लहरींमध्ये 'स्पिंडल' नावाचे छोटे झुबके दिसू लागतात: सेकंदाला 12 ते 15 आंदोलनं, जेमतेम एक सेकंद टिकणारी, चातीसारखी मधे फुगीर. मग गाढ झोपेच्या उंच, संथ लाटा. उंदरांमध्ये 1994 साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी दाखवलं, की पळताना हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) ज्या पेशी एकत्र जाग्या होतात, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होतात. म्हणजे उजळणी होते.

बोटांचं म्हणाल, तर हार्वर्डमधल्या 2002च्या प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमात कळा दाबायला शिकवलं. रात्रीच्या झोपेनंतर वेग साधारण 20 टक्के वाढला, दिवसभर जागं राहून जवळपास काहीच नाही. आणि ही वाढ जुळली ती रात्रीच्या शेवटच्या पावभागातल्या हलक्या झोपेशी. पहाटे 4चा गजर नेमकी तीच कापतो.

हातसोडवा: फिजिओथेरपिस्ट आहे. थकव्याची शंका रास्त आहे. 2008च्या एका अभ्यासात मधे विश्रांती देऊन सराव मांडला, तर झोपेनंतरची ती उडी दिसेनाशी झाली. म्हणून अडलेली जागा तासभर घासू नका, थोडं वाजवा, हात सोडा, परत वाजवा.

दायाँबायाँ: दोघांचेही मनापासून आभार. गजर काढून टाकला. काल साडेनऊला फक्त 'धाधातिट' वाजवलं, दहा मिनिटं, मधे दोनदा हात सोडून. मग गवसणी. आज साडेसहाला उठले, तर्जनी जागेवर होती. आता चौगुण.