भाची विकेटकीपिंग करते, सोडायला लावू का?

चाळीसगावकर: भाची चौदाची आहे, पोरांमध्येच क्रिकेट खेळते आणि कीपिंगचं प्रचंड वेड. सर म्हणतात फक्त बॅटिंग कर, कीपरची जागा एकच असते, एकदा कोणी बसली की वर्षानुवर्षं हलत नाही. ताई-दाजींनाही तेच पटलंय. बायकांच्या इंटरनॅशनलमध्ये कीपरचं करियर कसं असतं कोणी सांगेल का?

भुसावळवाला: दादा अजिबात सोडू देऊ नका!! सारा टेलरचं बघा, 2006 ला सतराव्या वर्षी इंग्लंडकडून आली, 2009 आणि 2017 चे वर्ल्ड कप जिंकली. 2017 ची ब्रिस्टलची सेमीफायनल यूट्यूबवर दाखवा पोरीला. बॉलर नॅट सिव्हर, म्हणजे मिडीयम पेस, त्याला कीपर बहुतेक मागे उभी राहते, तरी टेलर स्टंपला चिकटून उभी, बॉल लेगला गेला, मध्ये बॅटर आडवी त्यामुळे नीट दिसणार पण नाही, आणि हिने पकडून बेल्स उडवल्या सुद्धा. आऊट झालेली त्रिशा चेट्टी, ती स्वतः साउथ आफ्रिकेची कीपर! असं पुढे उभं राहता आलं की बॅटर क्रीज सोडायला घाबरते. 2021 ला ससेक्सने पुरुषांच्या टीमला कीपिंग शिकवायला हिलाच घेतलं.

धुळेकरीण: पुढचंही सांगा ना. 2016 ला टेन्शनच्या त्रासाने टेलरने ब्रेक घेतला आणि 2019 ला तिशीतच रिटायर झाली. कीपरचा सुटलेला कॅच सगळ्यांना दिसतो, घरी आल्यावर पुन्हा तोच विषय काढू नका. आणि सरांचं अर्धं खरंय, बॅटिंग लागतेच. सिलीगुडीची रिचा घोष 2020 ला सोळाव्या वर्षी भारताकडून आली ती बॅटर म्हणून, ग्लोव्हज तेव्हा तानिया भाटियाकडे होते. नंतर कीपिंगही तिच्याकडेच आलं, आणि 2025 च्या वर्ल्ड कप फायनलला 24 बॉलमध्ये 34 रन. जागा एकच असली तरी आत यायचा रस्ता एकच नाहीये.

जामनेरी: मॅटच्या पिचवर खेळत असेल तर बॉल जास्त उसळतो, टप्पा पडायच्या आधी उठायची सवय लागू देऊ नका. टेनिस बॉल भिंतीवर मारून एका हाताने पकडायला लावा, रोज. मे महिन्यात आपल्याकडे सकाळीच काय ते उरकायचं, ऊन चढल्यावर नको.

चाळीसगावकर: ब्रिस्टलचा व्हिडिओ ताईला पाठवला, सरांशी उद्या बोलतो. तिच्या मापाचे ग्लोव्हज आणि आत घालायचे इनर जळगावात कुठे मिळतील? इथे सगळे मोठ्यांचेच आहेत.