रजा शिल्लक आहे? तुमचे अनुभव सांगा

पिवळी छत्री
आईचं लोखंडी कपाट आवरताना बाबांचा एक कागद सापडला. 'रजा रोखीकरण, अर्जित रजा ३०० दिवस.' पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना दहा महिन्यांची रजा सरकारलाच परत विकली. घराचा वरचा मजला त्यातूनच चढला. लहानपणी महाबळेश्वरचं नाव काढलं की "रजा फुकट घालवायची नसते" हे ठरलेलं उत्तर.

मी नोकरीला जर्मनीत, श्टुटगार्टात. पहिल्या वर्षी ३० पैकी १९ दिवस तसेच ठेवले, वर मिरवलंही. नोव्हेंबरात बॉसबाईंनी खोलीत बोलावून दार लावलं. म्हटलं, गेली नोकरी! बाई म्हणतात, उरलेल्या रजेच्या तारखा आत्ता सांग. तारखा लिहिताना चोरी करत असल्यासारखी घाबरले होते. रजेत आजारी पडलं आणि डॉक्टरची चिठ्ठी दिली तर तेवढे दिवस परत मिळतात, हे बाबांना सांगितलं तर फोनवर बराच वेळ आवाजच नाही. मग, "आणि तरी यांच्या गाड्या खपतात?"

तुमच्याकडे कसं?

खाष्ट मामी
कपाटात डांबरगोळ्या ठेवतेस का गं? माझ्या पैठणीला कसर लागली.

हिशेबनीस
बाबांचा प्रश्न रास्त. जर्मनीत १९६३ च्या कायद्याने किमान चार आठवडे रजा, आणि कामाचे तास माणशी वर्षाला साधारण १३५०, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेत सगळ्यात कमी. (अर्धवेळ कामवाले पुष्कळ, म्हणूनही सरासरी खाली येते.) मेक्सिकोत २२०० च्या वर, आणि २०२३ पर्यंत तिथे पहिल्या वर्षी रजा फक्त सहा दिवस. तासांवर श्रीमंती ठरत असती तर आमच्या सोसायटीचा वॉचमन पेंटहाउसमध्ये असता.

जर्सीकर
अमेरिकेत पगारी रजेचा केंद्रीय कायदाच नाही, कंपनी देईल ती. आमच्याकडे आता 'अनलिमिटेड'. म्हणजे पंगतीत पोटभर जेवा म्हणायचं आणि वाढप्याने फिरकायचंच नाही. पूर्वी १५ दिवस होते ते निदान मोजून मागता यायचे. बहिणीच्या लग्नाला चार दिवस गेलो, फोटोत सगळीकडे जांभई.

खाष्ट मामी
@जर्सीकर डिसेंबरचं तिकीट कितीला पडलं? भाचा यायचाय.

जर्सीकर
विचारू नका मामी. किडनी एकच उरलीय.

चिक्कीवाला
टोकियोतून. इथे २०१९ पासून कंपनीने वर्षाला निदान पाच दिवस रजा घ्यायला लावायची असा कायदा आहे, कारण लोक आपणहून घेतच नाहीत. रजेवरून आलं की खात्याला खाऊ न्यायचा, माफी मागितल्यासारखा. मी लोणावळ्याची चिक्की नेली. तिघांनी कागदासकट तोंडात घातली. तेव्हापासून आंबावडी.

रुवैसचा दादा
इथे आखातात, ट्रकमध्ये बसून लिहितोय, चुकलं तर सांभाळा. वर्षाची ३० दिवस रजा, गणपतीला जोडून घेतो. मुलगी पहिले तीन-चार दिवस आईच्या पदराआडून बघते. दहाव्या दिवशी कडेवर येते. मग उतरतच नाही. घर पक्कं झालं, चिरेबंदी, पण त्यात मी सलग महिन्यावर राहिलेलो नाही.

पिवळी छत्री
दादा 🙏

लॅपटॉपाय नमः
हिंजवडी. क्लायंटला दिवाळी नाही आणि त्याची थँक्सगिव्हिंग आम्हाला नाही. यंदा लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहिलं. कॉल चालू होता, पलीकडचा म्हणतो, नाइस बेल.

परळकर
रविवार तरी कुठे आयता मिळाला? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. माझे आजोबा साचेखात्यात होते. रविवारी दुपारपर्यंत झोपायचे, त्यांना कोणी हलवायचं नाही.

सुगरण७
आमच्या ह्यांची चौथ्या शनिवारी बँक बंद. म्हणजे मला तिसऱ्यांदा चहा.

खाष्ट मामी
😂 चहाला आधण तरी त्यांनाच ठेवायला लाव. आणि डांबरगोळ्यांचं कुणी सांगितलंच नाही.

पिवळी छत्री
मामी, आई वेखंडाची पुरचुंडी ठेवते. बाबांचा कागदही त्याच वासाचा झालाय.

चिक्कीवाला
वेखंड चालतं का कस्टममधून?