मदत हवी आहे : होडीसाठी हलका दुसरा नांगर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. १८ फुटी फायबरची होडी मात्र दाभोळ खाडीत, मेहुण्याकडे असते. खाडी म्हणजे भरती-ओहोटीला प्रवाह उलटणारच. होडी गर्रकन फिरते आणि ८ किलोचा लोखंडी नांगर चिखलातून निसटतो. गेल्या महिन्यात रात्री ती शेजारच्या होडीवर जाऊन आदळली. मेहुणा एकटाच होता, म्हणून काळजी वाटते.

मागच्या बाजूने ॲल्युमिनियमचा, रुंद पात्यांचा नांगर टाकायचा विचार आहे. फोर्ट्रेस एफएक्स-७ जेमतेम १.८ किलोचा, पाती मऊ चिखलासाठी ४५ अंशांवर लावता येतात. पण खेच उलटली की असा नांगर उपटतो, मग पुन्हा रुततो का? नायलॉन दोराआधी साखळी किती मीटर लावू? खोली ४ मीटर. खाडीत वापरलेल्यांनी कृपया सांगा.