गोंगाटात ‘काळ’ हा शब्द ऐकण्यात चुकतो, ‘पुस्तक’ नाही. का?

प्रश्न: श्रवणचाचणीची यादी करतोय. हा फरक लांबीमुळेच पडतो ना?

उत्तर १: नुसती लांबी नाही. एक ध्वनी बदलून, वाढवून किंवा गाळून बनणारे शब्द म्हणजे शेजारी. ‘काळ’ला गाळ, टाळ, डाळ, बाळ, कान, काम, कळ असे ढीगभर; ‘पुस्तक’ला जवळपास नाहीतच. ऐकताना सगळेच जागे होतात, चढाओढ लागते. शेजारी जास्त वापरातले असले की आणखी पंचाईत. लूस आणि पिसोनी या संशोधकांचं १९९८चं प्रारूप हेच मांडतं.

उत्तर २: शेजारी मोजताना अक्षरं नकोत, ध्वनी धरा. ‘ख्’ हा एकच ध्वनी, क् आणि ह् असे दोन नाहीत. जास्त शेजारी असलेल्या आणि कमी शेजारी असलेल्या शब्दांच्या दोन याद्या करा; दोन्ही याद्यांत लांबी, वापराचं प्रमाण आणि आवाजाची पातळी सारखी ठेवा, नाहीतर निकालाचं कारण कळणारच नाही.

उत्तर ३: निरर्थक शब्द मात्र यात मिसळू नका, तिथे ओळखीच्या ध्वनिजोड्या उलट मदतच करतात.